संहिता आणि चित्र : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे कथाचित्रण

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे मुखपृष्ठ उलटून आतले शीर्षकपान पाहिले, तर तेथे दोन नावे लक्ष वेधतात. एक संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांचे. दुसरे चित्रकाराचे. प्राचीन नमुन्यांच्या आधारे ग्रंथ सचित्र करणारे म्हणून औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा निर्देश तेथे आहे. या आवृत्तीचा आधार घेऊन आजवर अगणित प्रबंध लिहिले गेले. हस्तलिखितांची कुळे, प्रक्षेप, पाठभेद यांची चर्चा पदव्युत्तर वर्गांतून होत आली. शीर्षकपानावरचे दुसरे नाव मात्र बहुधा देणगीदाराचे म्हणून वाचले जाते आणि पान उलटले जाते. या दुसऱ्या नावाचा माणूस आधी चित्रांतून कथा सांगणारा होता आणि देणगीदार झाला तो त्यामुळेच, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. घराण्याचा मूळपुरुष किन्हईचा परशुराम त्रिंबक. छत्रपती राजारामांच्या धामधुमीच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे याच घराण्यात स्थिरावले. पेशवाईत पदाचे तेज उतरले आणि इंग्रजी अमलात उरले ते एक लहानसे संस्थान. औंधच्या यमाईच्या डोंगराभोवतीचा मुलूख, माणदेशातील आटपाडी, कृष्णाकाठचे कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते बनलेले होते. सारी मिळून गावे ७२. मोठ्या संस्थानिकाला शोभणारा डामडौल येथे परवडणारा नव्हता. बाळासाहेबांच्या वाट्याला जी कीर्ती आली, तिच्या मागे वैभव नव्हते, व्यासंग होता.

ते थोरले पुत्र नसल्यामुळे गादी त्यांच्याकडे येण्याची शक्यता प्रारंभी दूरची होती. त्यांनी बी.ए.ची पदवी मिळविली आणि ती पुढे राज्याधिपती झाल्यावरही नावापुढे आवर्जून लिहिली. ग्रंथाच्या शीर्षकपानावर श्रीमंत आणि बी.ए. ही दोन्ही बिरुदे शेजारीशेजारी पाहताना आज थोडी गंमत वाटते, पण त्या पिढीच्या मनात पदवी हीसुद्धा एक सनदच होती. वडील श्रीनिवासराव १९०१ मध्ये निवर्तले. त्यानंतर बंधू परशुरामपंत आणि पुतणे गोपाळकृष्णराव यांच्या कारकिर्दी झाल्या. ब्रिटिश सरकारने गोपाळकृष्णरावांना गादीवरून दूर केल्यावर १९०९ मध्ये बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस होते. म्हणजे चित्रकार, कीर्तनकार आणि वाचक म्हणून त्यांची घडण राजा होण्यापूर्वीच पुरी झालेली होती.

कीर्तन आणि चित्र या दोन आवडींचा एकत्र विचार केल्याशिवाय बाळासाहेबांच्या कथाचित्रणाचे मर्म हाती येत नाही. ते स्वतः कीर्तने करीत आणि संस्थानातील गावोगावच्या दौऱ्यांत रयतेपुढे उभे राहत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त मांडला जातो आणि उत्तररंगात आख्यान येते. आख्यान लावणाऱ्याला कथेतील सर्व प्रसंग सारख्या विस्ताराने सांगता येत नाहीत. कोणत्या प्रसंगावर थांबावे, कोणता एका वाक्यात उरकावा, श्रोत्याच्या डोळ्यांपुढे कोणते दृश्य उभे करावे, ही निवड हेच त्याचे कौशल्य. चित्रमालिकेतून कथा सांगणाऱ्यापुढे हाच प्रश्न अधिक बिकट रूपात उभा राहतो, कारण दोन चित्रांच्या मधले निवेदन त्याच्या हाती नसते. मधला काळ वाचकाने स्वतः भरून काढावयाचा असतो. हातात टाळ-चिपळ्या घेऊन आख्यान रंगविणाऱ्या माणसाने कुंचला हाती घेतला, तेव्हा त्याने सुट्या पौराणिक चित्रांवर समाधान न मानता अख्खे रामायण चित्रांत उतरविण्याचे मनावर घ्यावे, हे या दृष्टीने स्वाभाविकच होय.

चित्रांतून आख्यान सांगण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हती. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकांचा उल्लेख येतो. सावंतवाडीजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा टिकवून धरली. तेथे सुट्या कागदांवर रंगविलेली चित्रे एकामागून एक समोर धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने सांगितली जात. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रेही याच कुळातील. या परंपरेत चित्र अपुरे असते आणि ते अपुरे असावे अशीच योजना असते. मोठे डोळे, एका बाजूस वळलेले चेहरे, रिकामी पार्श्वभूमी. पात्र कोण, प्रसंग कोणता, हे सांगणाऱ्याच्या तोंडून कळते. पोशाख कोणत्या युगाचा, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. राम कधी त्या काळच्या सरदारासारखा दिसतो, राक्षस बाहुल्यांच्या खेळातल्यासारखा, आणि श्रोत्याला त्यात काही खटकत नाही.

राजा रविवर्मा यांनी हे सर्व पालटले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीस गेलेल्या त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी देवादिकांना शरीराचे वजन दिले, चेहऱ्यावर छायाप्रकाश दिला आणि अंगावर लुगडे दिले. घरोघरच्या भिंतींवर सरस्वती, लक्ष्मी, दमयंती, मेनका आल्या. त्यांची नेसण बहुतांशी महाराष्ट्रीय स्त्रीची होती. चित्र आता सांगणाऱ्याची वाट पाहत नव्हते. एका भावपूर्ण क्षणात सारी कथा गोठवून ते स्वतःच बोलू लागले. या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’ पडद्यावर आणले, तेव्हा त्याच दृश्यसृष्टीला गती मिळाली. बाळासाहेबांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमधून बाहेर पडले ते या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात. पौराणिक कथा दृश्य माध्यमातून सलगपणे कशी सांगावी, हा प्रश्न त्या दशकात हवेतच होता आणि औंधच्या अधिपतींनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर शोधले.

बाळासाहेब रविवर्म्यांचे चाहते होते. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पण चाहता असूनही त्यांनी रविवर्म्यांचा एक मूलभूत संकेत नाकारला. सीतेने नऊवारी का नेसावी? रामाच्या काळी शिवलेले कपडे होते काय? दरबारातील आसने, रथ, मुकुट, आयुधे यांचे आकार कोठून घ्यावयाचे? या प्रश्नांची उत्तरे त्यांनी भारहूत-सांची येथील शिल्पे, अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि वेरूळची लेणी यांत शोधली. त्यांची आकृतींची घडण, छायाप्रकाश आणि अवकाशाची मांडणी पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीची राहिली. पण वस्त्रे, अलंकार आणि केशरचना प्राचीन शिल्पांतून आली. अंगावर शिवलेला कपडा नाही, कमरेभोवती चुणीदार वस्त्र, गळ्यात आणि दंडावर जड अलंकार, अशी ही पात्रे रविवर्म्यांच्या सृष्टीला सरावलेल्या वाचकास परकी वाटली असल्यास नवल नाही. त्या काळच्या रंगभूमीवर भरजरी शालू आणि शेले हीच पौराणिकतेची खूण ठरलेली होती. बाळासाहेबांनी ती खूण पुसली.

यात एक पेच आहे आणि तो त्यांना पुरता सुटला असे म्हणता येत नाही. शिल्पातील शरीर हे शिल्पाच्या नियमांनी घडलेले असते. तोल, लय, दगडाची मर्यादा यांतून तेथली देहवळणे आलेली असतात. वस्त्रालंकार तेवढे शिल्पातून उचलायचे आणि देह मात्र पाश्चात्त्य पद्धतीने रंगवायचा, तर दोन भाषांतील शब्द एका वाक्यात आणल्यासारखे होते. काही वेळा त्यातून नवा अर्थ निघतो, काही वेळा वाक्य अडखळते. अशा चित्रणात पात्रे प्रसंगात गुंतण्याऐवजी प्रसंगासाठी उभी केल्यासारखी वाटण्याचा धोका सदैव असतो. रविवर्म्यांच्या चित्रांतील नाट्य जितके चटकन पकड घेते, तितके ‘चित्ररामायण’ घेत नाही, ही गोष्ट मान्य करावयास हवी. मात्र एका चित्राचा परिणाम आणि चित्रमालिकेचा परिणाम यांचे माप एक नसते. मालिकेत तेच पात्र तीच वस्त्रे, तीच शरीरयष्टी घेऊन पुन्हा पुन्हा भेटते. अयोध्येतील राम आणि वनातील राम यांच्या वेषातील पालट कथेचा भाग होऊन येतो. पान उलटणाऱ्या वाचकाला पात्राची ओळख पटावी लागते आणि ती टिकावी लागते. पुढे १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेने जे तंत्र घराघरांत पोहोचविले, त्याच्या मुळाशी असलेला हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी औंधला हाताळला गेला होता. दोहोंमध्ये थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. चौकटी, संवादांचे फुगे, वेगवान कथन यांपैकी काहीही ‘चित्ररामायणा’त नाही. परंतु सुट्या देवचित्रांपासून सलग कथाचित्रांकडे जाण्याचे पाऊल म्हणून त्याची नोंद मराठी चित्रकथेच्या इतिहासात झालीच पाहिजे.

रामायणानंतर महाभारत चित्रित करावे, हा विचार त्यामागोमाग आला, आणि येथूनच हा वृत्तान्त चित्रकलेच्या इतिहासातून निघून वाङ्मयाभ्यासाच्या केंद्रस्थानी येतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली होती. १९१८ मध्ये बाळासाहेबांनी या संस्थेपुढे महाभारताच्या विद्वन्मान्य आणि सचित्र आवृत्तीची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. ७२ गावांच्या संस्थानाला ही रक्कम लहान नव्हती. ती वार्षिक हप्त्यांनी द्यावयाची होती. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला. वयोवृद्ध भांडारकरांनी महाभारताच्या आरंभीचा नमनाचा श्लोक लिहून संहितेचे पहिले अक्षर उमटविले.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना एकट्या औंधची होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील प्राच्यविद्या परिषदेत अशा आवृत्तीची निकड मांडली होती. हाइनरिश ल्यूडर्स यांनी नमुन्यादाखल काही भागाचे संपादन केले होते. पहिल्या महायुद्धाने ते काम थांबले. पाश्चात्त्य पंडितांची पद्धती तयार होती, पुण्यात नवी संस्था आणि हस्तलिखितांचा संग्रह होता. उणीव होती ती प्रेरणेची आणि पैशाची. ती भरून निघाली एका चित्रकाराच्या गरजेतून. ही गरज नेमकी काय होती, याचा उलगडा ‘प्राचीन नमुन्यांच्या आधारे’ या शीर्षकपानावरील शब्दयोजनेतून होतो. जो चित्रकार द्रौपदीला नऊवारी नेसवून मोकळा होतो, त्याला संहितेच्या काळाशी कर्तव्य नसते. ज्याला द्रौपदीच्या काळचे वस्त्र हवे आहे, त्याला ती ज्या श्लोकात वर्णिली आहे तो श्लोक कोणत्या काळचा, हे विचारावेच लागते. वस्त्राच्या प्रामाण्याचा प्रश्न पाठाच्या प्रामाण्याकडे घेऊन जातो. बाळासाहेबांनी हा कार्यकारणभाव शब्दांत कितपत मांडला असेल ते असो. त्यांची कृती त्याच दिशेने गेली.

पण संहितेचा शोध सुरू झाला तसा चित्राचा आधार हलू लागला. ना. बा. उत्गीकर यांनी संपादिलेले विराटपर्व १९२३ मध्ये चाचणीदाखल प्रसिद्ध झाले. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला नवे वळण लागले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे भाषाशास्त्र शिकलेल्या या संपादकाने हस्तलिखितांची उत्तरेकडील व दक्षिणेकडील कुळे लावून, शारदा लिपीतील पाठांना विशेष महत्त्व देऊन, उपलब्ध पुराव्यांतून जितके मागे जाता येईल तितके प्राचीन रूप सिद्ध करण्याचा मार्ग पत्करला. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आला. पर्व पूर्ण झाले ते १९३३ मध्ये, सुकथनकरांच्या विस्तृत प्रस्तावनेसह.

या पद्धतीचा फटका कोणाला बसला? लोकांच्या मनातील चित्रांना. व्यास सांगत आहेत आणि गजानन लिहीत आहेत, हे दृश्य महाभारताच्या प्रत्येक सचित्र प्रतीच्या आरंभी असावे अशी सामान्य वाचकाची अपेक्षा. चिकित्सक आवृत्तीत ते आख्यान मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेले. पुढे फ्रँक्लिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा करण्याचा भागही मूळ पाठात राहिला नाही. वस्त्र ओढले जाते आणि दुसरे प्रकट होते. ते कोण पुरवितो, याविषयी सिद्ध पाठ मौन पाळतो. आता चित्रकाराने काय करावे? बाजारातील छापील चित्रांत आकाशातून वस्त्रे सोडणारा कृष्ण हमखास असतो, आणि प्रेक्षकाची नजर आधी तेथेच जाते. सिद्ध पाठाशी इमान राखावयाचे, तर आकाश रिकामे ठेवले पाहिजे. मग त्या प्रसंगातील सारा भार सभेतल्या माणसांच्या चेहऱ्यांवर येतो: मान खाली घातलेले पांडव, गप्प बसलेले वृद्ध आणि मधोमध एकटी उभी असलेली स्त्री. चिकित्सक संहितेने चित्रकाराकडून एक दृश्य काढून घेतले हे खरे. पण त्याच्या जागी अधिक अवघड आणि कदाचित अधिक भेदक असे दुसरे दृश्य पुढे केले. चित्र हे संहितेवरील भाष्यच असते, आणि संहिता बोलत नाही तेथेही त्याला काहीतरी दाखवावेच लागते. ही अडचण चिकित्सक आवृत्तीच्या चर्चेत क्वचितच येते, कारण चर्चा करणाऱ्यांनी चित्रे हा ग्रंथाचा अवयव मानलेलाच नाही.

प्रत्यक्षात घडले तेही असेच. खंडांमागून खंड निघत गेले, पाठभेदांच्या तळटीपा पानाच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापू लागल्या आणि बाळासाहेबांची चित्रे त्या भव्य विद्वत्कार्यात सोबतीला असल्यासारखी राहिली. अभ्यासकाने ग्रंथ उघडावा, श्लोकाचा क्रमांक शोधावा, तळटीप पाहावी आणि ग्रंथ मिटावा. मूळ संकल्पात चित्र आणि संहिता समान हक्काने होती. सिद्धीस गेली ती संहिता. याचा दोष सुकथनकरांना देता येणार नाही. अठरा पर्वांच्या शेकडो हस्तलिखितांतून वाट काढणे हेच एका आयुष्याला पुरून उरणारे काम होते, आणि त्या कामातच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. बाळासाहेबांकडूनही या दुय्यमतेबद्दल तक्रार झाल्याचे दिसत नाही. सचित्र ग्रंथाचा आग्रह धरणाऱ्या माणसाने चित्रांना मागे सारणाऱ्या संपादनाला आधार दिला, यात त्यांच्या स्वभावाचे एक अंग प्रकट होते.

दरम्यान प्राचीन नमुन्यांचा त्यांचा शोध चालूच होता. वेरूळच्या लेण्यांवरील त्यांची पुस्तिका १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरील १९३२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्यांचा अजिंठ्याचा अभ्यास हा वस्त्रालंकारांपुरताच मर्यादित राहिला काय, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा काळाच्या क्रमाने मांडलेल्या नाहीत. एका स्थळी घडणारे वेगवेगळ्या काळांतील प्रसंग एकत्र रंगविलेले आढळतात, आणि पाहणाऱ्याला भिंतीवर मागेपुढे फिरून कथा जुळवावी लागते. कथनाची ही प्राचीन भारतीय रीत ‘चित्ररामायणा’च्या पुढचे पान मागच्या पानानंतर वाचावयाच्या मांडणीहून फार वेगळी आहे. बाळासाहेबांनी अजिंठ्याकडून पोशाख घेतला, कथनरीत घेतली नाही. ग्रंथ हे माध्यमच सरळ रेषेत चालणारे असल्यामुळे ते तसे झाले असावे. तरीही एक शक्यता हातची गेली, असे वाटल्यावाचून राहत नाही.

चित्रांच्या क्रमातून शिकविण्याची त्यांची हौस केवळ पुराणकथांपुरती नव्हती. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केलेला प्रसार सर्वश्रुत आहे. संस्थानातील शाळांत तो दैनंदिन शिक्षणाचा भाग झाला, आणि या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये परदेशातही पोहोचले. नमस्काराच्या दहा अवस्था क्रमाने दाखविणे हेही एका परीने दृश्य निवेदनच. तेथे मात्र चित्रकाराला कल्पनेने काही भरावे लागत नव्हते.

औंधच्या परिसरात या काळात जी माणसे एकत्र आली, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे चित्र आणि अक्षर यांची सांगड हा एका राजाचा छंद नव्हता, हे ध्यानात येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना ती वाट सोडावी लागली. औंधमधील सभामंडपाच्या बांधकामाच्या निमित्ताने त्यांचा बाळासाहेबांशी निकटचा संबंध आला, आणि बेळगावातून उठावे लागल्यावर १९१० मध्ये कुंडलच्या माळावर औंध संस्थानाने दिलेल्या जागेत किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रकार होते. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने आलेल्या त्यांच्या चित्रांनी मराठी नियतकालिकात समाजटीकेसाठी रेषेचा वापर रूढ केला. या शंकररावांनी चित्रकलेचे धडे लाहोरला श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे घेतले होते. आणि हे सातवळेकर, व्यक्तिचित्रकार म्हणून नाव मिळविलेले, वैदिक लेखनामुळे सरकारी रोष ओढवून घेतलेले, १९१८ च्या सुमारास औंधला येऊन स्थायिक झाले. त्यांनी स्वाध्याय मंडळाच्या द्वारा वेदसंहितांची शुद्ध मुद्रणे काढली. कुंचला खाली ठेवून त्यांनी संहिता हाती घेतली. बाळासाहेबांनी दोन्ही हातांत दोन्ही धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. एकाच गावात, एकाच वेळी चाललेली ही दोन कामे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

१९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांना मिळाले. संमेलनाध्यक्षांच्या यादीत त्यांचे नाव वाचताना अनेकांना ते केवळ संस्थानिक म्हणून निवडले गेले असावेत असे वाटते. महाभारताच्या आवृत्तीची आदिपर्वापर्यंतची वाटचाल तोवर झालेली होती, हे लक्षात घेतले तर या निवडीचा अर्थ बदलतो. १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उघडले. रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या माता-बालक या दगडी शिल्पापर्यंतचा हा संग्रह एका आडगावी उभा राहिला, आणि बाळासाहेबांची स्वतःची रामायणचित्रेही तेथेच विसावली. त्याच सुमारास संस्थानच्या कारभारातही मोठा पालट घडला. पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या राज्यघटनेनुसार २१ जानेवारी १९३९ रोजी राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही या प्रयोगातलीच.

बाळासाहेबांचे आत्मचरित्र १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांच्या आढाव्यांत राजकीय नेते, समाजसुधारक आणि लेखक यांच्यामागे ते झाकले गेले आहे. दोन वर्षांनी, मार्च १९४८ मध्ये, औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सातवळेकरांनी त्याच वर्षी आपले स्वाध्याय मंडळ गुजरातेत पारडीस हलविले. १९५१ मध्ये बाळासाहेबांचे निधन झाले, तेव्हा महाभारताच्या आवृत्तीचे काम श्री. कृ. बेलवलकर यांच्या संपादकत्वाखाली चालू होते, आणि पूर्ततेला आणखी पंधरा वर्षे होती.

औंध संस्थानात वाढलेल्या लेखकांच्या पिढीवर त्या चित्रांचा काय संस्कार झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. साने गुरुजींच्या शालेय शिक्षणाचा काही काळ औंधला गेला. शेटफळ्यास जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असे संस्थानातच झाले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर माणदेशी माणसे शब्दांत रेखाटणारे लेखक तर होतेच, पण हातात पेन्सिल धरणारे चित्रकारही होते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. छप्पन गीते, बहुतेक गीते एकेका पात्राच्या तोंडी, बहुधा प्रत्येक गीतात एकच प्रसंग. संपूर्ण रामायण सुट्या प्रसंगांत तोडून मधली वाट ऐकणाऱ्यावर सोपविण्याची ही रीत कीर्तनाची आहे, तशीच ती चित्रमालिकेचीही आहे. प्रभावाचा पुरावा म्हणून हे साम्य पुरेसे नाही. पण एका संस्थानाशी नाते असलेली, चाळीस वर्षांच्या अंतराने घडलेली रामायणाची ही दोन खंडशः निवेदने, एक डोळ्यांसाठी आणि एक कानांसाठी, परस्परांशेजारी ठेवून वाचण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पूर्तता जाहीर केली. एव्हाना ती जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचली होती. ‘चित्ररामायणा’च्या प्रती मात्र दुर्मीळ होत गेल्या, आणि मूळ चित्रे औंधच्या टेकडीवरच राहिली.